आठवा पाइप

११ जानेवारी, रविवार

घराच्या भिंती उभ्या राहिल्या, स्लॅबखालचे टेकू निघाले. आता वायरिंगचं काम सुरू. कारखान्यातून तपासणीची एक कोरी वही आणली आहे. तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेले असतात: दोष, कारण, उपाय. एकतीस वर्षं या वहीवर पंप तपासले, घर तपासायला ती न पुरायला काय झालं? फक्त रकाने सोडून सरळ लिहिणार आहे.

आधी दोष. गेल्या जुलैत जुन्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये ही पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. अकराच्या सुमारास पडली आणि तीन वाजता शेजारणीला कण्हणं ऐकू आलं तेव्हा फ्लॅटचं दार तोडलं. चार तास ओल्या फरशीवर! मी कारखान्यात, फोन सायलेंट करून ड्रॉवरमध्ये ठेवलेला. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा पडल्या तर उभ्या राहतील याची खात्री देता येत नाही. तिसरा मजला तिला आता झेपणारा नाही, म्हणून हे तळमजल्याचं घर. ते होईपर्यंत ती तिच्या ताईंकडे राहते आणि मी फ्लॅटमध्ये एकटा.

उपाय: या घरात ती पडली तर मला एका मिनिटाच्या आत कळलं पाहिजे. बाकी फरशीचा रंग आणि खिडक्यांची नक्षी ज्याला आवडेल त्याने ठरवावी, मला देणंघेणं नाही.

१८ जानेवारी, रविवार

ताईंकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर घराचा नकाशा पसरला. ही पाणीपुरवठा कार्यालयात अठ्ठावीस वर्षं ट्रेसर होती. अख्ख्या शहराच्या नळांचे नकाशे हिने शाईने उतरवलेत. हिच्यापुढे नकाशा आला की आजूबाजूची माणसं दिसेनाशी होतात. मी लाल पेनने कॅमेऱ्यांच्या जागा दाखवत गेलो. पुढचं दार, मागचं दार, हॉल, किचन. ही मान डोलावत होती. मग मी तिच्या खोलीच्या कोपऱ्यावर पेन टेकवलं.

"इथे काय?"

"इथून पलंग दिसतो आणि बाथरूमचं दारही. एका कॅमेऱ्यात काम होतं."

"कोणाचं काम?"

"तुझ्याच भल्याचं बोलतोय."

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं. "अहो, एक ऐका. हॉलमध्ये लावा, किचनमध्ये लावा, गच्चीवर चार लावा. माझ्या खोलीत काही नको. डोळा नको आणि कानही नको. मला तिथे कपडे बदलायचेत, रडायचंय, नुसतं लोळायचंय. लावलंत तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. ताईकडेच राहीन."

ताई आतून म्हणाल्या, "राहा की! मला काय जड झालीस?" त्यांना मध्ये बोलायला कोणी सांगितलं होतं?

मी शब्द दिला. दुसरं काय करणार?

२४ जानेवारी, शनिवार

स्मार्ट होमचा विक्रेता जागेवर आला होता. गळ्यात टाय, बुटांवर सिमेंट. दिवे, पंखे, पडदे, कुलूप, कॅमेरे, सगळं एका फोनवर. "सर, अख्खं घर तुमच्या मुठीत," म्हणाला. माणूस बोलका आहे, पण वस्तू चांगली आहे. मी कारखान्यात बसून तिच्या खोलीतला दिवा लावू शकेन.

आमचा वायरमन तिथेच भिंतीवर खडूने खुणा करत होता. त्याच्या कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर अडकवलेला असतो, म्हणून मी त्याला मनात टेस्टरच म्हणतो. पन्नाशीचा आहे, कामाला पक्का, तोंडाला फटकळ.

"साहेब, वहिनींच्या खोलीत दिव्याचं बटण कुठे घेऊ?"

"बटण कशाला? सगळं फोनवर आहे."

"त्यांच्या फोनवर?"

"माझ्या."

"बरं," तो म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून, "तरी एक साधं बटण घेतो पलंगाशी. असू दे."

विक्रेत्याने जाता जाता विचारलं, "मॅडम पडल्या तेव्हा त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता का?" मी म्हटलं, नव्हता. त्याने ते लिहून घेतलं, म्हणाला अशा केसमध्ये तर आमची सिस्टिम हवीच.

३१ जानेवारी, शनिवार

सोमवारी नऊ तारखेला प्लास्टर सुरू होणार. कंत्राटदाराला काहीही विचारा, तो "होऊन जाईल" म्हणतो, पण प्लास्टरच्या तारखेबाबत तो एकदम कडक आहे. त्याआधी भिंतीतले सगळे पाइप टाकून व्हायला हवेत. वायर नंतर ओढता येते, पण पाइपाची वाट आत्ताच करावी लागते. प्लास्टर झालं की विषय संपला.

आठ दिवस माझी झोप उडाली आहे. डोळे मिटले की ती ओली फरशी दिसते. आज दुपारी सगळे जेवायला बसले असताना टेस्टरला एकट्याला गाठलं. पॅसेजमधल्या कपाटात राउटरची पेटी बसणार आहे, तिथून सात पाइप निघतात: चार कॅमेरे, टीव्ही, फाटकाची घंटी, माझी खोली. मी म्हटलं, आठवा टाक. हिच्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत.

"वहिनींना माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग नकाशात कसा नाही?"

"आयत्या वेळी ठरलं."

त्याने कानावरचा टेस्टर काढला, पुसला, परत ठेवला. "भिंत तुमची, घर तुमचं. मी टाकतो."

पाइप म्हणजे काही कॅमेरा नव्हे. रिकामी नळी आहे. पुढेमागे तिचं मन वळलं तर भिंत फोडावी लागू नये एवढाच हेतू. शब्द मोडलेला नाही. हे मी तीनदा मनात म्हटलं आणि तिन्ही वेळा पटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार. जेवणाची सुट्टी

तपासणीच्या वहीत खोटं लिहिलेलं मला कधी खपलं नाही. दोन माणसांना मी त्यावरून मेमो दिले आहेत. म्हणून ११ तारखेची नोंद दुरुस्त करतो.

फोन ड्रॉवरमध्ये नव्हता. टेबलावर होता. तिचा फोन आलेला मला दिसला.

त्या सकाळी आमचं वाजलं होतं. तिचे गुडघे दुखायचे, आठवडाभर रजेवर घरी होती, म्हणून तिच्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी भरून ठेवला होता. फक्त सहीची जागा मोकळी. तिच्याच सोयीसाठी केलं, तर म्हणाली, "माझं मरणही तुम्हीच भरून ठेवा, तारीख फक्त मोकळी सोडा." मी डबा न घेता निघालो. अकरा वाजता फोन वाजला तेव्हा वाटलं, राहिलेलं भांडण आता फोनवर होणार. मी फोन उलटा ठेवला. तो दोनदा वाजला.

हॉस्पिटलमध्ये तिला सांगितलं, मीटिंग होती, सायलेंटवर होता. तिला तसंच वाटू दे. खरं सांगून तिला काय मिळणार आहे? इथे लिहिलं, नोंद दुरुस्त झाली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्या भिंतींचे फोटो काढले. ही माझी पद्धत: प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळतं. कंत्राटदार हसला, "साहेब, आजवर कोणी मागितले नाहीत." म्हणूनच लोकांच्या खिळ्यांनी लोकांच्या वायरी तुटतात.

एक्केचाळीस फोटो. हिला पाठवावेत म्हणजे ती त्यावरून पक्का नकाशा उतरवेल, अशी कल्पना मलाच सुचली. दिवसभर खिडकीत बसून कंटाळते बिचारी. तिच्या खोलीच्या कोपऱ्याचा फोटो वगळला. चाळीस पाठवले. लगेच फोन आला, इतका खुललेला आवाज महिन्याभरात ऐकला नव्हता. "किती दिवसांनी कामाचं काहीतरी दिलंत! ताई, माझा ड्रॉइंग बोर्ड खाली काढ गं!"

मलाही बरं वाटलं. उद्या प्लास्टर.

११ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात दुपारी तिचा फोन.

"पॅसेजच्या पेटीच्या फोटोत आठ पाइप दिसतायत."

पेटीचा फोटो माझ्या लक्षातच आला नाही! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि आपली चूक टेप लावून, फोटो काढून, स्वतःच्या हाताने पाठवून दिली.

"सातांचा हिशेब लागतो," ती म्हणाली, "आठवा कुठे जातो?"

"स्पेअर आहे. जास्तीचा."

"जास्तीचा असला तरी कुठेतरी संपत असेल ना? पाइपाला दुसरं टोक असतंच."

"वायरमनला विचारतो. प्लास्टरची गडबड आहे इथे." मी कारखान्यात होतो. प्लास्टर कुठलं माझ्या आसपास!

"बरं," ती म्हणाली. टेस्टरसारखंच "बरं".

१५ फेब्रुवारी, रविवार

हिच्या खोलीचं प्लास्टर झालं. कोपरा गुळगुळीत, हात फिरवून पाहिला, काही म्हणजे काही कळत नाही. आत एक डबा आहे, त्यावर झाकण आणि त्यावर सिमेंट. टेस्टरला सांगून ठेवलं, वहिनींनी विचारलं तर स्पेअर म्हणायचं. तो म्हणाला, "साहेब, मी कामाचं खोटं बोलत नाही. विचारलं तर सांगेन. विचारलं नाही तर गप्प बसेन."

हिने जागा बघायला यायचं ठरवलं आहे. पुढच्या रविवारी. मी म्हटलं, राडारोडा आहे, पाय अडखळेल, महिनाभर थांब. म्हणाली, "तुम्ही आहात की धरायला."

टेस्टरला त्या दिवशी सुट्टी देता येईल का बघतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

टेस्टर आला. सुट्टी नको म्हणाला.

ताईंच्या गाडीतून ही उतरली. वॉकर, काखेत नकाशाची गुंडाळी, पर्समध्ये मोजपट्टी. पायरीजवळ वाळू सांडलेली होती. मी दंड धरला तर म्हणाली, "सोडा. मला माझा तोल कळू दे." एकेक पाऊल टाकत आत गेली. माझा जीव खालीवर होत होता, वॉकरमुळे आणि नकाशामुळेही.

हॉल पाहिला, किचन पाहिलं, ओटा उंच झाला म्हणाली. तिच्या खोलीत उभी राहिली. खिडकीतून समोरच्या कुंपणापलीकडचा रस्ता दिसतो, तो आवडला तिला. वर कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, सुटलो.

मग पॅसेजमध्ये खुर्ची मागवली आणि पेटीसमोर बसली. टेस्टरला म्हणाली, "भाऊ, वायर ओढायची स्प्रिंग आहे ना तुमच्याजवळ? या आठव्यात घाला बरं. कुठे अडते ते बघू."

स्प्रिंग म्हणजे लांब पोलादी तार, पाइपातून आधी ती सरकवतात आणि मग तिला बांधून वायर ओढतात. टेस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. विचारलं तर सांगेन, एवढंच तो बोलला होता. इथे तर तिने त्याला काही विचारलंच नाही, काम सांगितलं.

तार आत जात राहिली. घासल्याचा बारीक आवाज छतापासून पुढे पुढे जाताना ऐकू येत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "पाणी घेतेस का?" तार अडली. तिने पाइपाच्या तोंडाशी बोटाने खूण धरायला लावली, तार बाहेर काढवली आणि स्वतः मोजली. सहा मीटर ऐंशी.

नकाशाच्या कडेला पेन्सिलने आकडे मांडले. पेटीपासून वर दीड. पॅसेजमधून तीन वीस. राहिले दोन दहा. पेन्सिलीचं टोक पॅसेजमधून वळलं, तिच्या खोलीच्या भिंतीवर सरकलं आणि कोपऱ्यात थांबलं. माझं लाल पेन जानेवारीत जिथे टेकलं होतं, बरोब्बर तिथेच.

ओरडली असती तर बरं झालं असतं. नकाशा गुंडाळला, रबरबँड लावला. टेस्टरला म्हणाली, "काम छान आहे तुमचं. एकही वळण काटकोनात नाही, तार कशी सरसर गेली." मग ताईंना म्हणाली, "चल."

गाडीपर्यंत मी मागे होतो. तिने वॉकर आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल चार वेळा फोन केला. वाजतो, वाजतो, बंद होतो. आज सहा वेळा. माणसाने एवढा तरी विचार करावा की समोरच्याचा जीव टांगणीला लागला असेल. उचलून "मला बोलायचं नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं वाजू देणं ही काय रीत झाली?

टेस्टरवर चिडलो. उगाचच. तो म्हणाला, "मी कुठे तोंड उघडलं, साहेब?" खरं आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईंनी उचलला. "ती बरी आहे. जेवते, चालते, नकाशा काढते. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते." मी विचारलं, किती दिवस? "ते तिने सांगितलं नाही. मागची खोली तिला कायमची लावून देतेय मी, पडदे धुवायला टाकलेत." आणि त्यांनी ठेवून दिला.

कंत्राटदार विचारत होता, वहिनींच्या खोलीला रंग कोणता? मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "होऊन जाईल." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी मारावंसं वाटलं.

घर कोणासाठी बांधतोय मी? ती तिथे येणार नसेल तर तळमजला काय आणि तिसरा मजला काय. मला भीती वाटते आहे. फरशीची नाही, त्या धुतलेल्या पडद्यांची.

२८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धी रजा टाकून ताईंकडे गेलो. ताईंनी दार उघडलं आणि स्वतः चप्पल घालून बाहेर पडल्या. जाताना म्हणाल्या, "आज तरी खरं बोला." म्हणजे त्यांनाही काही माहीत आहे?

ही बोर्डवर बसली होती. नकाशा पुरा झालेला. इतका सुबक की कारखान्यातल्या कुठल्याही ड्रॉइंगला लाज वाटावी. सात पाइप सलग रेघेने. आठवा तुटक रेघेने, आणि टोकाला तिच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: "८. मला न सांगता."

"काढून टाकतो," मी म्हटलं. "उद्याच भिंत फोडतो."

"मला पाइपाचं काही नाही."

"चुकलो. पण तुझ्या काळजीपोटीच केलं ना? चार तास! चार तास तू तिथे पडलेली आणि मला पत्ता नाही. तुला नाही कळायचं ते."

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तोंड दिलं असतं.

"तुम्हाला पत्ता होता," ती म्हणाली. "मी दोनदा फोन केला."

"सायलेंटवर..."

"पहिला पूर्ण वाजला. दुसऱ्याच्या दोन रिंगा झाल्या आणि मध्येच कापला गेला. आपोआप बंद होतो तो तसा बंद होत नाही. तो तुम्ही कट केलात. मी फरशीवर गाल टेकून ऐकलंय ते. मग फोन हातातून घसरला आणि बाथरूमच्या उघड्या दारातून बाहेर गेला."

मी खाली फरशीचे चौकोन मोजले.

"हॉस्पिटलमध्ये मीटिंग म्हणालात. म्हटलं, घाबरलेत, आज ना उद्या सांगतील. सात महिने वाट बघितली मी. तुम्ही बोलायच्या ऐवजी कॅमेरे मोजत बसलात." तिने आठव्या रेघेवर बोट ठेवलं. "त्या दिवशी काही कमी पडलं नव्हतं हो. माझ्याजवळ फोन होता, रेंज होती, तुमच्या टेबलावर घंटी वाजली. आता घरभर डोळे लावाल, ते मला पडताना बघतील. पुढे? तुम्ही उचलाल याची वायर कोण ओढून देणार?"

"मला वाटलं भांडायला केलायस," मी म्हटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. "कट केला मी. हो. कट केला."

मला रडू आलं. तिने आवरायला सांगितलं नाही आणि जवळही घेतलं नाही. बोर्डवरची पेन्सिल उचलून टोक करत बसली.

आत्ता लिहिताना मागची पानं चाळली. ३ तारखेला नोंद दुरुस्त केली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. तिथेही "उलटा ठेवला" लिहिलं आहे. कट केल्याचं या वहीलाही सांगितलं नव्हतं.

निघताना तिने बोलावलं. "भिंत फोडायचीच असेल तर उपयोगाची फोडा. त्या आठव्यातून बेलची वायर ओढा. पलंगाशी एक बटण, बाथरूममध्ये खालपर्यंत लोंबणारी दोरी, फरशीवरून हाताला लागेल अशी. बेल हॉलमध्ये. फोनशी तिचा काही संबंध नको. फोन उलटा ठेवता येतो."

"आणि कॅमेरे?"

"दारांवरचे ठेवा. चोराची मला तुमच्याइतकीच भीती आहे." मग म्हणाली, "मी आठ दिवस राहून बघेन. जमलं नाही तर परत येईन इकडे. ताईला खोली मोडू नको म्हणून सांगितलंय."

१ मार्च, रविवार

टेस्टरला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे फोनचंही. का सांगितलं कोण जाणे. त्याने ऐकून घेतलं, छिन्नी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "कोपरा तुम्हीच फोडा, साहेब." नवंकोरं प्लास्टर डोक्यावर पडलं. तिथून बाथरूमच्या भिंतीपर्यंत पाइप बसवायला नवी झिरी त्याने पाडली. विक्रेत्याला फोन करून बाकीचं रद्द केलं. तो म्हणाला, सर, मॅडमच्या सुरक्षेचं काय? मी म्हटलं, बघतो.

कंत्राटदाराला पुन्हा प्लास्टरचं विचारलं. होऊन जाईल म्हणाला.

१० मे, रविवार

ही आली. एकच बॅग घेऊन आली, तेही मी पाहिलं. बाकी कपडे ताईंकडेच.

बेल मोठी बसवली आहे, शाळेत असते तशी. टेस्टरने एकदा वाजवून दाखवली तर शेजारचे गॅलरीत आले. ही हसली, "शाळा सुटली की काय!" नंतर मात्र म्हणाली, "आता उगाच तपासत बसू नका. मला लागेल तेव्हा मी वाजवेन."

१३ मे, बुधवार

वाजली नाही. तीन दिवस मी रजेवर आहे. तिच्या खोलीचं दार बंद असतं. वॉकरची टकटक ऐकू येते, मग थांबते. थांबली की माझे कान टवकारतात. पाणी पडल्याचा आवाज, मग काही नाही, मग पुन्हा टकटक. तेवढ्या वेळात मी चारदा उठतो आणि चारदा बसतो. दारावर टकटक करून विचारावं तर वाटतं, हाही एक कॅमेराच झाला.

आंघोळीला ती आतून कडी लावते. कडी लावू नको म्हणायचं तोंडावर आलं होतं. गिळलं.

१५ मे, शुक्रवार

आज तिने आतून एक डबा पाडला. मी दारापर्यंत धावलो. "डबा आहे!" ती ओरडली. "काही झालेलं नाही!" मी परत आलो. बेल वाजलेली नव्हती. माझी चूक.

बेल चालते ना, की वायर कुठे तुटली? टेस्टरला बोलवावं का? ती मला बोलवणारच नसेल तर? मागे एकदा बोलावून बघितलं होतं तिने, पुन्हा कशाला बोलवेल? दोन दिवस राहिले.

१७ मे, रविवार

आठवा दिवस. सकाळी साडेनऊला ताईंचा फोन येऊन गेला. खोली झाडून ठेवली आहे, संध्याकाळी गाडी पाठवू का, तिला विचारून सांगा. मी हो म्हटलं. कप घेऊन हॉलमध्ये बसलो. तिची बॅग कपाटावर होती की खाली काढलेली, हे बघायला जायचा धीर होत नव्हता.

तेव्हा बेल वाजली.

कप कुठे ठेवला आठवत नाही. पॅसेजमध्ये गुडघा कपाटावर आपटला. बेल वाजतच होती, दोरी धरून ठेवलेली असावी. बाथरूमचं दार मी खांद्याने ढकललं आणि जवळजवळ आत पडलो, कारण कडी लावलेलीच नव्हती.

ती स्टुलावर बसली होती. पडलेली नव्हती. केस ओले, डोळे साबणामुळे घट्ट मिटलेले, एका हातात दोरी.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाठ राहिलीय," ती म्हणाली. "जरा साबण लावता?"

ऑपरेशनपासून हे काम ताईच करायच्या. मला कोणी दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं. मी कपड्यांसकट ओल्या फरशीवर खाली बसलो. तिच्या कमरेच्या वर, मणक्याजवळ, दोन जुन्या जखमांचे काळे व्रण होते. हॉस्पिटलात पडून पडून झालेले असणार. इतक्या महिन्यांत मला ते माहीतच नव्हते. मी त्यांच्या कडेकडेने हात फिरवला. मला रडू येत होतं आणि तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून मी येऊ दिलं.

"खाली," ती म्हणाली. "अजून थोडं. हां."

मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "ताईला सांगा, गाडी नको म्हणावं. माझ्या साड्या मात्र पाठव."

सांगतो म्हटलं. आधी बादली ओढून घेतली आणि तिच्या पाठीवर पाणी ओतलं.